दिवेलागणीची गाडी

इंदूरच्या आमच्या घरी दिवेलागणीची वेळ झाली, की आई जागची उठते. देवापाशी समई लागलेली असते, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत असते, आणि आई कपाटातली जुनी कापडी पिशवी काढून आवराआवर करू लागते. एक साडी, कंगवा, हातरुमालात गुंडाळलेली काही नाणी आणि पितळेचा फिरकीचा तांब्या एवढे सामान ती पिशवीत भरते. मग दाराशी येऊन विचारते, "टांगा आला का? गाडीची वेळ झाली."

आईला आता सत्त्याऐंशीवे वर्ष चालू आहे. स्मृतिभ्रंशाची पहिली लक्षणे दिसून चार वर्षे होऊन गेली. सकाळी काय खाल्ले ते तिला दुपारी आठवत नाही. नातसुनेला ती कधी धाकटी जाऊ समजते, तर कधी शेजारीण. पण गाडीची वेळ मात्र ती विसरत नाही.

पहिले वर्ष-दीड वर्ष आम्ही सर्वांनी तिची समजूत घातली, म्हणजे खरे तर तिच्याशी वाद घातला. थोरले बंधू तर्ककठोर स्वभावाचे. ते रोज तिला समोर बसवून सांगत, "आई, टांगे गेले. ती खंडव्याची छोटी लाईनही बंद झाली. नाशिकला आता आपले कोणी राहिले नाही, फक्त मावशी आहे. तू आता कुठे जाणार?" आई ऐकून घेई, तिचा चेहरा पडे, आणि मग ती मुकाट्याने रडू लागे. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पिशवी पुन्हा भरली जाई. रोज तेच सत्य, रोज तेच रडणे! आमच्या सांगण्यातील सत्य तिला उरत नव्हते; उरत होते ते फक्त दुःख.

हा कोंडा फोडला तो आमच्या मुलीने. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. एका संध्याकाळी बंधू घरात नव्हते आणि आम्ही कामात होतो. आईने नेहमीचा प्रश्न विचारला. मुलगी म्हणाली, "आजी, कोणती गाडी ग?"

आई थांबली. पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. आणि ज्या बाईला स्वतःचे वय सांगता येत नव्हते, ती स्टेशनांची नावे एकामागून एक सांगू लागली : राऊ, महू, पाताळपाणी, काळाकुंड, चोरल, बडवाह, मोरटक्का, सनावद, खंडवा.

छोटी लाईन आणि मोठी लाईन

ज्या इंदूरकर मराठी घरांची वये साठीच्या पुढे आहेत, त्यांना ही नावे ऐकताच कोळशाच्या धुराचा वास आल्यावाचून राहणार नाही. माळव्यातील आपल्या पूर्वजांचा 'देशा'शी असलेला संबंध याच रुळांनी टिकवून ठेवला होता. मुंबईकडून जबलपूरमार्गे कलकत्त्याला जाणारा लोहमार्ग १८७० साली पुरा झाला, आणि त्याच वर्षी महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडव्याहून इंदूरपर्यंत फाटा आणण्यासाठी एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. व्याज साडेचार टक्के आणि मुदत एकशे एक वर्षांची! त्या काळच्या एक कोटीची कल्पना आज करणेही अवघड आहे. १८७०च्या दशकाच्या अखेरीस नर्मदा ओलांडून आणि विंध्याचा घाट चढून ही मीटर गेज गाडी इंदूरला पोहोचली.

रुळांमधील अंतर मुख्य मार्गावर १६७६ मिलिमीटर आणि या फाट्यावर १००० मिलिमीटर. कागदावर किरकोळ दिसणाऱ्या या फरकाने आपल्या तीन पिढ्यांना खंडव्याच्या फलाटावर उतरविले. इंदूरहून नाशिक, पुणे, मुंबईकडे जाणारा प्रत्येक प्रवासी तेथे ट्रंक, वळकटी, पाण्याची सुरई, लोणच्याची बरणी आणि मुले मोजून घेत असे. छोट्या लाईनच्या डब्यातून उतरून मोठ्या लाईनच्या गाडीची वाट पाहत असे. सामान अधिक की मुले अधिक, हा विनोद त्या काळी घरोघर चाले.

आई सांगू लागली, ते आम्ही त्या संध्याकाळी दाराआड उभे राहून ऐकले. १९५७ साली ती लग्न होऊन आली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नाशिक रोडला तिला निरोप द्यायला सारा वाडा आला होता. वडिलांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, खिडकीतून फिरकीचा तांब्या आत दिला आणि बजावले, "पाणी घरचेच पी, वाटेतले पिऊ नकोस." तांब्यात गोदावरीचे पाणी होते. तिसऱ्या वर्गाचे लाकडी बाक, मनमाडला मिळालेला चहा, भुसावळला फलाटावर केळ्यांचे घड, बुऱ्हाणपूरनंतर बदललेली बोली, आणि खंडव्याला सासरच्या मंडळींबरोबर ती अरुंद, बुटकी गाडी.

"मला वाटले, ही खेळण्यातली गाडी आपल्याला कुठवर नेणार?" आई म्हणाली, आणि हसली. कित्येक महिन्यांनी ती हसली होती.

नर्मदेचा पूल आला तेव्हा डब्यातल्या सर्वांनी हात जोडून 'नर्मदे हर' म्हटले. सासूबाईंनी तिच्या हातात पैसा ठेवून तो नदीत टाकायला सांगितले. गोदावरीची मुलगी नर्मदेच्या पलीकडे गेली, याची तिला तेव्हा प्रथम जाणीव झाली. काळाकुंडला कळाकंद पानावर मिळाला. तेथून घाटाचा चढ सुरू होई. गाडीच्या मागे दुसरे इंजिन जोडले जाई, आणि दोन इंजिनांच्या धापांत गाडी बोगद्यांतून पाताळपाणीकडे चढे. पाताळपाणीला टंट्या भिल्लाचे स्थान. १८८९ साली जबलपूरला फाशी गेलेल्या या वीराला 'टंट्या मामा' म्हणून मान देण्यासाठी गाडी तेथे क्षणभर थांबते, असे लोक म्हणत. उताराला लागण्यापूर्वी ब्रेक तपासण्यासाठी थांबते, असे रेल्वेची माणसे म्हणत. आईच्या मते दोन्ही कारणे खरी होती : "मामाला नमस्कार केला, की ब्रेक लागतात."

जे कोणी विचारले नव्हते

रोज संध्याकाळी ही बैठक होऊ लागली. मुलगी प्रश्न विचारी आणि एका वहीत उत्तरे उतरवून घेई. बंधूंना हे मान्य नव्हते. "तुम्ही तिच्या भ्रमाला खतपाणी घालता आहात," असे ते एकदा स्पष्टच म्हणाले. "जी गाडी नाही, ती आहे असे म्हणणे हे खोटे बोलणेच झाले. आयुष्यभर आईने आपल्याला खोटे बोलू दिले नाही, आणि आता तिच्याशीच खोटे बोलायचे?"

त्यांचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नव्हते. आम्ही आईच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "गाडी आहे असे सांगू नका आणि नाही असेही सांगू नका. गाडीत बसून कुणाला भेटायला जायचे आहे, ते विचारा. माणूस वेळ विसरतो, स्थळ विसरतो. पण जायचे कशासाठी, ते मनात राहते."

तो प्रश्न आम्हीच विचारला. श्रावणातली संध्याकाळ होती. बाहेर पाऊस लागला होता. बंधूही त्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन खोलीच्या कोपऱ्यात बसले होते. आईने पिशवी भरली, दाराशी आली. आम्ही म्हणालो, "आई, नाशिकला कुणाकडे जायचे?"

"तात्यांकडे," ती म्हणाली. "तार आली आहे."

मग तिने जे सांगितले ते आम्ही साठ वर्षांत कधी ऐकले नव्हते. १९६२चा श्रावण. तात्यांची प्रकृती गंभीर असल्याची तार दुपारी इंदूरला आली. आमचे वडील कामानिमित्त बाहेरगावी गेले होते. आई दीड वर्षाच्या मुलाला कडेवर घेऊन, पिशवीत एक साडी टाकून, संध्याकाळच्या गाडीने एकटीच निघाली. पावसाने घाटात दरड आली होती. गाडी पाताळपाणीला कित्येक तास अडकून पडली. मार्ग मोकळा होऊन ती खंडव्याला पोहोचली, तेव्हा मोठ्या लाईनची गाडी निघून गेली होती. उरलेली रात्र तिने बायकांच्या वेटिंग रूममध्ये काढली. मुलाला ताप भरला होता. तेथे बसलेल्या एका निमाडी बाईने आपले घोंगडे मुलाच्या अंगावर घातले, हमालाकरवी कपभर दूध आणविले आणि पहाटेपर्यंत आईच्या पाठीवरून हात फिरविला. आईला त्या बाईचे नाव कधी कळले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती नाशिकला पोहोचली, तेव्हा घाटावरून मंडळी परतली होती.

"सगळे म्हणाले, तात्या दाराकडे बघत होते," आई म्हणाली. "पाच वाजताची निघाले असते तर..." आणि ती थांबली. पाच वाजता त्या दिवशी कोणतीही गाडी नव्हती. तरीही साठ वर्षे ती स्वतःच्या मनात वेळेवर निघण्याचा प्रयत्न करीत होती.

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग कोपऱ्यातून वर्तमानपत्राचा आवाज झाला. बंधू उठून आईजवळ आले आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसले. त्या रात्री ताप आलेले दीड वर्षाचे मूल म्हणजे तेच होते.

आम्ही नंतर नाशिकला मावशीला दूरध्वनी केला. आईच्या स्मृतीवर कितपत विसंबावे, अशी शंका होतीच. मावशी म्हणाली, "खरे आहे. ताई दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आली. दारातच बसली. त्यानंतर त्या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही, आणि आम्हीही कधी विचारले नाही."

कोणी विचारलेच नाही! आम्ही आयुष्यभर आईला खंडव्याचे गमतीचे किस्से सांगायला लावले, हरवलेल्या ट्रंकेचे, सांडलेल्या लोणच्याचे. प्रवासाच्या आठवणी म्हणजे केवळ गोड आठवणी, अशी आपली समजूत असते. वस्तुतः लग्ने, बाळंतपणे, बदल्या, आजारपणे आणि मृत्यू हे सारे त्या काळी गाडीनेच येत आणि जात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला गाडीविषयी विचारणे म्हणजे त्याच्या साऱ्या आयुष्याविषयी विचारणे होय.

कसे विचारावे

आयुष्याच्या उत्तरार्धात माणूस मागे वळून पाहतो, त्याला पूर्वी वार्धक्यातील बडबड किंवा मनाची दुर्बलता समजले जाई. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली एका निबंधात याच्या उलट प्रतिपादन केले. असे सिंहावलोकन ही वृद्ध मनाची स्वाभाविक गरज आहे; जुन्या गोष्टी पुन्हा पाहून त्यांचा हिशेब मिटविण्याची ती धडपड असते, असे त्यांचे म्हणणे. पुढील संशोधनात असेही दिसून आले, की वयाच्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांतील आठवणी वृद्धपणी अधिक संख्येने वर येतात. स्मृतिभ्रंशात नव्या गोष्टी आधी पुसल्या जातात, जुन्या उशिरापर्यंत टिकतात. या गप्पांनी रोग बरा होत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पण मन शांत होते, आणि घरातील माणसे पुन्हा एकमेकांशी बोलू लागतात, एवढा अनुभव आम्ही घेतला आहे.

या अनुभवातून ज्या चार गोष्टी शिकलो, त्या वाचकांपुढे ठेवतो. पहिली ही, की "आठवते का?" असे कधी विचारू नये. तो परीक्षेचा प्रश्न आहे, आणि नापास होण्याची भीती वृद्धांना मुलांपेक्षा अधिक असते. "डब्यात काय दिले होते?", "खिडकीपाशी कोण बसे?", "न्यायला स्टेशनावर कोण येई?" असे लहान प्रश्न विचारावेत. मोठ्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. दशम्या आणि तिळाच्या चटणीचा विषय काढला, की मागोमाग सारा डबा बोलू लागतो.

दुसरी, हातात वस्तू द्यावी. आमच्याकडे फिरकीचा तांब्या होता. एका स्नेह्यांकडे जाड पुठ्ठ्याचे जुने तिकीट सापडले. ते खिडकीतल्या यंत्रात घालून तारीख उमटविताना जो 'खट्' आवाज होई, तो त्यांच्या वडिलांनी तिकीट हातात घेताच तोंडाने काढून दाखविला. ते गृहस्थ पक्षाघातानंतर फारसे बोलत नव्हते.

तिसरी, चूक काढू नये. सन चुकले, स्टेशनांचा क्रम चुकला, तर चुकू द्यावा. खरे-खोटे नंतर पाहता येते.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. आठवण दुःखाकडे वळली, तर घाईने विषय बदलू नये. आपल्याला रडणे सहन होत नाही म्हणून आपण चहा आणायला उठतो. उठू नये. खंडव्याच्या त्या अनोळखी बाईने जे केले, तेवढेच करावे : पाठीवर हात ठेवून बसून राहावे.

आमच्या गल्लीतील चार-पाच घरांतील वृद्धांना आम्ही पुढे महिन्यातून एका रविवारी एकत्र बसवू लागलो. पोहे, शेव, चहा, आणि विषय एकच, गाडी. तेव्हा ध्यानात आले, की महाराष्ट्राबाहेरील प्रत्येक मराठी घराची एक स्वतःची लाईन असते. ग्वाल्हेरहून सून होऊन आलेल्या आजींची गाडी तर आमच्याहूनही लहान, दोन फुटी रुळांची. शिंदे सरकारने घातलेली, १९०९ साली श्योपूरपर्यंत पोहोचलेली आणि सुमारे २०० किलोमीटर धावणारी ती गाडी २०२० साली थांबली. आजी सांगत, की ती इतकी सावकाश चाले, की मुले उतरून बोरे वेचीत आणि धावत पुन्हा चढत. बडोद्याच्या एका काकांनी डभोईच्या लाईनचा अभिमान बाळगला. १८६२ साली तेथे अरुंद रुळांवरून बैलांनी गाडी ओढली होती, हे ते प्रत्येक बैठकीत सांगत. हैदराबादेत वाढलेल्या आजोबांना काचीगुड्याहून मनमाडला येणारी अजंता एक्सप्रेस आठवे, औरंगाबादच्या फलाटावरील थंडीसकट. आणि मूळच्या गोव्याच्या एका बाईंनी सांगितले, की १९६१ पूर्वी कुळे आणि कॅसलरॉक येथे सीमेची झडती होई; आईने मुलीसाठी पाठविलेले डबेसुद्धा उघडले जात. दूधसागरचा धबधबा दिसला, की माहेर मागे पडले असे त्या समजत.

मजेची गोष्ट ही, की या बैठकांत विसराळू माणसे आणि तल्लख माणसे असा भेद उरत नसे. एकाने स्टेशनाचे नाव विसरावे आणि दुसऱ्याने पुरवावे, असे चाले. डब्यात जागा करून देण्याची जुनी सवय सर्वांच्या अंगी होतीच.

पुन्हा एकदा घाटात

महू ते ओंकारेश्वर रोड हा छोट्या लाईनचा उरलेला भाग मापबदलासाठी २०२३ साली बंद झाला. घाटाचा पाताळपाणी ते काळाकुंड हा तुकडा मात्र तसाच ठेवण्यात आला आहे. तेथे २०१८च्या डिसेंबरात सहलीची वारसा गाडी सुरू झाली होती. २०२४च्या पावसाळ्यात आम्ही आईला त्या गाडीत बसविले. बंधू, आम्ही उभयता आणि मुलगी, सारे बरोबर होतो.

खरे सांगायचे, तर आमच्या अपेक्षा फार होत्या, आणि आईने त्या पुऱ्या केल्या नाहीत. मोठमोठ्या काचांचा डबा, मोबाइलवर छायाचित्रे काढणारी तरुण मंडळी, पुढे डिझेलचे इंजिन. आईला ही गाडी ओळखीची वाटली नाही. "हे कुणाचे लग्न आहे?" असे तिने दोनदा विचारले. बाहेर चोरल नदीचा प्रपात भरून कोसळत होता. तिने तिकडे पाहिले आणि डोळे मिटले. बंधूंनी हिरमुसल्या चेहऱ्याने आमच्याकडे पाहिले.

तेवढ्यात बोगदा आला. डब्यात अंधार झाला, मुले ओरडली. पुन्हा उजेड पडला तेव्हा आम्ही पाहिले, की आईने आपला पदर पसरून शेजारी बसलेल्या नातीचे डोळे घट्ट झाकले होते. दुसऱ्या हाताने ती समोरच्या सीटवरच्या बंधूंचे तोंड आपल्याकडे वळवू पाहत होती.

मुलीला काही कळेना. बंधूंना कळले. कोळशाच्या इंजिनाच्या काळात बोगद्यात धूर कोंडे, आणि उघड्या खिडकीतून निखाऱ्याचे कण मुलांच्या डोळ्यांत जात. बोगदा आला, की आया मुलांचे डोळे पदराने झाकीत. इंजिन बदलले, डबा बदलला, गावांची नावे पुसली गेली. पण आईच्या हाताला बोगदा आठवत होता, आणि बोगद्यात काय करायचे तेही. साठीपुढचे बंधू त्या पदरासमोर मान वाकवून तसेच बसून राहिले. दुसऱ्या बोगद्यात त्यांनी स्वतःच डोळे मिटून घेतले.

काळाकुंडला कळाकंद घेतला. आईने तो खाल्ला आणि उरलेला पिशवीत ठेवायला सांगितला. "तात्यांना आवडतो," असे ती म्हणाली.

नवी लाईन

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २ सप्टेंबर २०२४ रोजी, इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज १८,०३६ कोटी रुपयांचा. आपल्याकडील जुन्या मंडळींनी या मार्गाची चर्चा आयुष्यभर ऐकली. तो पुरा होईल तेव्हा इंदूरचा माणूस धुळ्यावरून सरळ मनमाडला उतरेल, आणि तेथून नाशिक जवळच.

बंधूंनी ही बातमी आईला वाचून दाखविली. आताशा संध्याकाळची वेळ त्यांनी स्वतःकडे घेतली आहे. आई पिशवी भरू लागली, की ते खुर्ची ओढून बसतात, आणि गाडी आहे किंवा नाही यांतले काही न बोलता विचारतात, "तात्या कसे होते ग?" मग आई तात्यांविषयी सांगते : त्यांची उपरण्याची घडी, त्यांचा रामकुंडावरचा पहाटेचा फेरा, मुलीला सायकल शिकविल्याबद्दल त्यांनी ऐकून घेतलेली बोलणी. सांगता सांगता पिशवीतली साडी कधी बाहेर येते, ते तिच्या ध्यानात येत नाही. कधी रडते, पण एकटी रडत नाही.

बातमी ऐकून आईने बराच वेळ विचार केला. तिला किती समजले हे आम्ही सांगू शकत नाही. मग तिने विचारले, "म्हणजे खंडव्याला रात्र काढावी लागणार नाही?"

"नाही, आई," बंधू म्हणाले. "खंडव्याला उतरावेच लागणार नाही."

"बरे झाले," आई म्हणाली. "लहान मूल बरोबर असले, म्हणजे फार हाल होतात."

वाचकहो, तुमच्या घरातही कुणी तरी अशी पिशवी भरून बसले असेल. ती दिसेलच असे नाही. एखाद्या संध्याकाळी दूरदर्शन संच बंद करून त्यांच्याजवळ बसा, आणि गाडी कोणती, ते विचारा. उत्तर लिहून ठेवा, सन आणि स्टेशन घालून. रुळ उखडले गेले, तरी नव्याने घालता येतात. ही उत्तरे मात्र दुसऱ्या कोणाजवळ मिळणार नाहीत.

आमच्या मुलीच्या वहीचा हा तिसरा भाग चालू आहे. फिरकीचा तांब्या रोज घासून, पाणी भरून, आईच्या उशाशी ठेवलेला असतो. आई वाटेतले पाणी पीत नाही.